भूमिका बंडखोराची, मते मात्र जुन्या वळणाची: असे का होत असावे?

मेहरूणकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात आमच्या शहरात एका ज्येष्ठ अभिनेत्यांची प्रकट मुलाखत झाली. त्यांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, आणि कोणी ओळखले तरी कृपया लिहू नये, कारण माझा प्रश्न त्या एका माणसापुरता नाही. ऐंशीच्या दशकात त्यांनी एका नाटकात मुलीच्या आंतरजातीय विवाहासाठी साऱ्या भावकीशी वैर पत्करणाऱ्या बापाची भूमिका केली होती. मी तेव्हा अकरावीत होते. प्रयोग पाहून आल्यावर रात्री जागून मी त्यांना चार पानी पत्र लिहिले आणि तीन आठवड्यांनी त्यांचे पोस्टकार्ड आले. ते अजून माझ्या कपाटात आहे. पुढे १९९४ साली मी घरच्यांचा विरोध पत्करून जातीबाहेर लग्न केले, तेव्हा त्या बापाची वाक्ये मला तोंडपाठ होती, आणि वडिलांसमोर उभी राहून मी त्यांतलीच दोन वाक्ये बोलले होते.

मुलाखतीत मी चिठ्ठी पाठवून त्या नाटकाबद्दल विचारले. उत्तरात ते म्हणाले की, लग्ने आपापल्या समाजात झालेलीच बरी, नाहीतर घराची घडी विस्कटते. मुलींना दिलेल्या मोकळिकीचा आता अतिरेक झाला आहे. आणि देशाला कणखर हाताची गरज आहे. सभागृहात टाळ्या झाल्या. शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याने काही न बोलता पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

मला भांडण करायचे नाही. मला समजून घ्यायचे आहे. ज्यांच्या कामामुळे आपण मोकळे झालो, त्यांची स्वतःची मते इतकी जुन्या वळणाची कशी असतात? ती आधीपासूनच तशी असतात, की वयाबरोबर, पैशाबरोबर, काळाबरोबर बदलतात?

भुसावळ जंक्शन

ताई, लेख मनाला लागला. माझे साधे मत असे की, भूमिका आणि माणूस यांत आपणच गल्लत करतो. सिनेमात स्टेशनमास्तर झालेल्या नटाच्या हातात कोणी हिरवी झेंडी देत नाही. पण सिनेमात क्रांतिकारक झालेल्या नटाला आपण लगेच पुढारी मानतो.

धुळ्याचा हिशेबनीस

मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे, त्यामुळे माझी नजर आधी पैशाकडे जाते, याबद्दल राग नसावा.

या विषयातले सर्वांत ठळक उदाहरण रोनाल्ड रेगन यांचे आहे. हा हॉलिवूडचा नट तरुणपणी रूझवेल्ट यांचा, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचा कट्टर समर्थक होता. १९४७ ते १९५२ या काळात तो नटांच्या संघटनेचा अध्यक्ष होता, आणि १९५९ मध्ये पुन्हा अध्यक्ष झाल्यावर १९६० साली त्याने नटांचा संपही चालवला. त्या काळात अमेरिकेत सर्वांत वरच्या उत्पन्नावर ९१ टक्के आयकर होता. नटाचे उत्पन्न पाच-सात वर्षे धो-धो येते आणि मग आटते. पण कर त्या त्या वर्षी भरावा लागतो. वर्षात ठरावीक चित्रपटांपलीकडे काम करण्यात काही अर्थच उरत नाही, असे त्याला वाटू लागले. १९५४ पासून आठ वर्षे एका मोठ्या विद्युत कंपनीच्या दूरचित्रवाणी मालिकेचा सूत्रधार म्हणून काम करताना त्या कंपनीच्या कारखान्यांतून तो भाषणे देत हिंडला, आणि भाषणागणिक सरकारी हस्तक्षेपाविरुद्धचा त्याचा सूर चढत गेला. १९६२ साली त्याने रीतसर रिपब्लिकन पक्ष धरला. पुढे कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर आणि १९८१ ते १९८९ राष्ट्राध्यक्ष, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. आपण पक्ष सोडला नसून पक्षानेच आपल्याला सोडले, असे तो म्हणत असे.

इंग्लंडचे मायकल केन यांची गोष्टही तीच आहे. वडील लंडनच्या मासळीबाजारात हमाल, आई घरोघर साफसफाई करणारी. असा मुलगा मजूर पक्षाचा असेल असे कोणालाही वाटेल. परंतु सत्तरच्या दशकात तिथे कमाईवर ८३ टक्के कर आला, तेव्हा ते देश सोडून अमेरिकेत गेले, आणि उजव्या हुजूर पक्षाच्या थॅचरबाईंचे समर्थक झाले. शून्यातून वर आलेल्या माणसाला आपली कमाई ही आपल्या एकट्याच्या घामाची वाटते, आणि ती कोणी मागितली की त्याला जुनी गरिबी पुन्हा दारात आल्यासारखी वाटते.

आपल्याकडे तर १९७३-७४ साली अधिभारासह सर्वोच्च दर ९७.७५ टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपये हाती. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात समाजवाद या शब्दाविषयी कायमची अढी बसली, हे मी माझ्या जुन्या अशिलांत पाहिले आहे.

मेहरूणकाठ

हिशेबनीस, माहितीबद्दल आभार. पण करामुळे माणूस लग्नाच्या बाबतीत जुन्या मतांचा कसा होईल? माझ्या अभिनेत्यांनी कराविषयी अवाक्षर काढले नाही.

अमळनेरचा मास्तर

धागाकर्तीने योग्य जागी बोट ठेवले आहे. ‘उजवे’ किंवा ‘परंपरावादी’ या एका शब्दाच्या पोटात निदान तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. एक, पैशाच्या व्यवहारात सरकार कमी असावे हे मत. दोन, कुटुंब, धर्म, जात, स्त्रीचे स्थान यांबाबत जुनी रीत टिकावी हे मत. तीन, राष्ट्र बलवान असावे आणि राज्यकर्ता कणखर असावा हे मत. या तिन्ही गोष्टी एकत्रच नांदतात असे नाही. रेगन यांचा प्रवास मुख्यतः पहिल्या वाटेने झाला. ताईंच्या अभिनेत्यांचे बोलणे दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेवरचे आहे.

दुसऱ्या वाटेबद्दल एक निरीक्षण मांडतो. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिला होता. तेथील कोळी खाडीच्या शांत पाण्यात मासे धरताना कोणताही मंत्रतंत्र करत नसत, कारण तेथे मासळी हमखास मिळे. मात्र खुल्या समुद्रात निघताना साग्रसंगीत विधी केल्याशिवाय होडी हलत नसे. जिथे अनिश्चितता, तिथे विधी. कलावंताचा सारा जन्म खुल्या समुद्रातच जातो. मुहूर्त, नारळ, तिसऱ्या घंटेआधी रंगमंचाला केलेला नमस्कार, नावाच्या स्पेलिंगात घातलेले जादा अक्षर, हे सर्व त्याच भीतीपोटी येते. आणि ज्याच्या व्यवसायात काहीच स्थिर नाही, त्याला घर तरी स्थिर असावे, बदलू नये, असे वाटले तर मला नवल वाटत नाही.

आखाजी (एरंडोल तालुका)

मास्तर, तुमचे शेवटचे वाक्य वाचून मला माझ्या आजोळच्या जत्रेची आठवण झाली, म्हणून प्रथमच या धाग्यावर लिहीत आहे.

आमच्या गावी जत्रेला दर वर्षी तमाशाचा फड येई. फड आमच्या मामांच्या खळ्यात उतरत असल्याने दुपारी बायकांच्या राहुटीत पाणी नेऊन देण्याचे काम माझ्याकडे असे. रात्री ज्या बाईंनी सवाल-जवाबात सरपंचांपासून फौजदारापर्यंत सर्वांना निरुत्तर केले होते, वगात सासूला, नवऱ्याला, पाटलाला उभे-आडवे घेतले होते, त्या बाई दुपारी राहुटीत पितळी पेटीवर मांडलेल्या देवांपुढे पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या असत. पेटीला हळदीकुंकवाची बोटे ओढलेली, शेजारी घुंगरांची जोडी फडक्यात बांधून ठेवलेली. पूजा होईपर्यंत पाण्याचा तांब्या हातात धरून मला बाहेर उभे राहावे लागे. त्यांची मुलगी माझ्याच वयाची होती. तिने एकदा माझ्यादेखत आरशासमोर उभे राहून रात्रीच्या गाण्याची ओळ गुणगुणली, तर बाईंनी तिच्या थोबाडीत दिली. मी घाबरून विचारले की, तुम्ही स्वतः गाता, मग तिने का नाही? तेव्हा त्या म्हणाल्या, “माय, ते पोटनं शे, हाई घरनं शे.” (ते पोटाचे आहे, हे घरचे आहे.)

त्या वेळी मला तो ढोंगीपणा वाटला होता. आज वाटते की, रात्रभर हजार डोळ्यांसमोर उभे राहण्याची किंमत त्या बाईंना माहीत होती आणि आम्हाला नव्हती. जगाने ज्यांना कधी ‘घरंदाज’ म्हटले नाही, त्यांना घरंदाजपणाची ओढ आपल्यापेक्षा जास्त असणार. मुलीचे लग्न त्यांनी जातीतच, पंधराव्या वर्षी लावून दिले, हे मला आजही पटत नाही. पण ते का केले, हे कळते.

भुसावळ जंक्शन

आखाजीताई, डोळ्यांत पाणी आणलेत.

यावलचा केळीवाला

मी या धाग्यावर थोडा वेगळा सूर लावणार आहे, आणि तो मनापासून लावणार आहे. मी स्वतः उजव्या विचारांचा आहे. शेतकरी आहे, देवाधर्माचा आहे, घरात चार पिढ्या एकत्र आहेत. येथे सगळे जण असे लिहीत आहेत की, जणू उजवे मत हा एखादा आजार आहे आणि त्याचे निदान व्हायला हवे: कर लागला म्हणून झाला, भीती वाटली म्हणून झाला, उपेक्षा झाली म्हणून झाला. एखादा नट डाव्या विचारांचा निघाला, तर कोणी धागा काढते का की, तो असा का झाला असावा? त्याचे मत हे विचारांती बनलेले मत, आणि आमचे मत म्हणजे कसली तरी जखम?

शिवाय हे ‘अनपेक्षित’ तरी कोणाला? हॉलिवूडमध्ये उजव्या विचारांचे लोक पहिल्यापासून होते. कम्युनिस्टांच्या विरोधात तेथील चित्रपटवाल्यांनी १९४४ साली स्वतःची संघटना काढली होती आणि काउबॉयपटांचा नट जॉन वेन तिचा अध्यक्ष झाला होता. वॉल्ट डिस्ने त्याच गोटातला. आपल्याकडे विनोद खन्ना, हेमा मालिनी, परेश रावल हे उघडपणे भाजपकडून लोकसभेत गेले, लोकांनी त्यांना निवडून दिले. कलावंत म्हटला की तो डावाच असायचा, हा नियम कोणी केला?

अमळनेरचा मास्तर

केळीवाले, आपला पहिला मुद्दा मला मान्य आहे आणि माझ्या आधीच्या प्रतिसादात तो दोष आहे, हेही मान्य करतो. मत समजून घेताना त्यामागचा युक्तिवाद न ऐकता थेट त्यामागची भीती शोधायला लागणे हे अन्यायाचे आहे.

शिरपूर–मुंबई–शिरपूर

‘नियम कोणी केला’ याचे उत्तर निदान आमच्या पिढीपुरते मी देऊ शकते. तो आमच्या गावच्या स्मिता पाटील यांनी नकळत केला. वडील शिवाजीराव पाटील स्वातंत्र्यसैनिक आणि मंत्री, घरात राष्ट्र सेवा दलाचे, म्हणजे समाजवादी संस्कारांच्या युवक संघटनेचे वातावरण, आणि पडद्यावर ज्या बायकांचे दुःख तिने उभे केले, त्यांच्या प्रश्नांबद्दल ती पडद्याबाहेरही बोलत असे. भूमिका आणि विचार असे एकजीव झालेले आम्ही शाळकरी वयात पाहिले, आणि तीच मोजपट्टी मग सर्वांना लावत गेलो. आता लक्षात येते की, तो अपवाद होता.

लोकनाट्यवेडा

शिरपूरकर बाईंनी सेवा दलाचे नाव काढले म्हणून लिहितो, कारण माझ्या मते या धाग्याचे खरे उत्तर दोन मराठी नटांना शेजारी शेजारी ठेवले की दिसते.

निळू फुले आणि दादा कोंडके. दोघेही साध्या घरांतले, दोघांचीही उमेदवारी सेवा दलाच्या कलापथकी परंपरेत झालेली, दोघांनाही लोकनाट्याने घडवले. निळूभाऊंनी पडद्यावर जन्मभर बेरकी पाटील, सावकार, साखरसम्राट रंगवले. गावोगावच्या बायका त्यांना पाहून बोटे मोडत. पडद्याबाहेर मात्र ते अखेरपर्यंत समाजवादी राहिले, आणि डॉ. श्रीराम लागू, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासमवेत सामाजिक कृतज्ञता निधीसाठी राबले. दादांनी पडद्यावर भोळ्या, अर्ध्या चड्डीतल्या गरीब माणसाचे रूप घेऊन साऱ्या प्रतिष्ठितांची टर उडवली. आणि पडद्याबाहेर ते शिवसेनेचे झाले.

का झाले? १९७१ साली त्यांच्या पहिल्याच निर्मितीला दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात जागा मिळेना, हिंदी चित्रपटाला प्राधान्य मिळत होते, तेव्हा बाळासाहेब ठाकरे त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि चित्रपट लागला. दादा ते उपकार कधी विसरले नाहीत. प्रचाराच्या सभांतून ते आपल्या शैलीत बोलत आणि माणसे लोटत. आता सांगा, यात कुठला ग्रंथ आला, कुठली विचारसरणी आली? अडचणीच्या दिवशी दारात कोण उभा राहिला, यावर माणसाचे राजकारण ठरते, आणि आपल्या खेड्यापाड्यांत तर ते नेहमीच असे ठरत आले आहे. ग्रामपंचायतीपासून बाजार समितीपर्यंत कोण कोणाच्या पॅनलला आहे ते पाहा. निम्म्या घरांत त्यामागे एखादे जुने आजारपण, एखादे लग्न किंवा एखादी बुडता बुडता वाचलेली विहीर सापडेल.

धुळ्याचा हिशेबनीस

वेडा, हा प्रतिसाद मी जपून ठेवला आहे. माझ्या करापेक्षा तुमचा उपकार जास्त खोल जातो.

भुसावळ जंक्शन

आता मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण रेगन यांच्या संपाचा उल्लेख झाल्यापासून मन स्वस्थ नाही.

मे १९७४ चा रेल्वे संप मी वडिलांच्या बोटाला धरून पाहिला आहे. ८ मे रोजी संप सुरू झाला. भुसावळचे यार्ड, जिथे इंजिनांची धडधड रात्री झोपेतही ऐकू येई, ते गप्प झाले, आणि त्या शांततेनेच आम्हा पोरांची झोप उडाली. वडील लोको शेडमध्ये फिटर होते. पोलीस क्वार्टरमध्ये येतील म्हणून ते आठवडाभर तापीकाठच्या एका मळ्यात राहिले. आई भाकरी फडक्यात बांधून माझ्या हाती पाठवत असे. २७ मे रोजी संप मागे घेतला गेला. आमच्या घरात त्यानंतर वर्षभर देवाच्या तसबिरीशेजारी संपाचे समाजवादी पुढारी जॉर्ज फर्नांडिस यांचा वर्तमानपत्रातला फोटो चिकटवलेला होता.

तेच जॉर्ज पुढे वाजपेयी सरकारात, भाजपच्या खांद्याला खांदा लावून संरक्षणमंत्री झाले. १९९८ साली दूरदर्शनवर तो शपथविधी पाहताना वडील एकही शब्द बोलले नाहीत. मी विचारले, राग आला का? ते म्हणाले, “त्याला ज्यांनी बेड्या घातल्या, त्यांच्या विरोधात तो आजही उभा आहे. बाकीचे तो विसरला.” आणीबाणीत हातात बेड्या असलेला जॉर्ज यांचा फोटो ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वाक्य कळेल. लोहियांनी साठच्या दशकात काँग्रेसविरोधाचे जे धोरण मांडले, त्याला आणीबाणीने वैराची धार आली, आणि पुष्कळ माणसे त्या वैराच्या वाटेने चालत चालत अशा ठिकाणी पोहोचली की, निघताना त्यांनी त्या ठिकाणाचा विचारही केला नव्हता.

कलावंतांचेही तसेच असावे. १९७६ साली काँग्रेसच्या कार्यक्रमात गायला नकार दिला म्हणून किशोर कुमार यांची गाणी आकाशवाणीवर बंद झाली होती. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात आणीबाणीविरुद्ध बोलणाऱ्या दुर्गाबाई भागवत तुरुंगात गेल्या, आणि १९७७ साली पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या सभांतून बोलले. त्या सभांच्या व्यासपीठावर समाजवादी आणि जनसंघवाले एकत्रच बसत होते. त्या दिवसांत कोण स्वातंत्र्याच्या बाजूने होता आणि कोण परंपरेच्या, हे वेगळे करणे सोपे नव्हते. आज आपण पन्नास वर्षांनंतरच्या खणांत ती माणसे बसवायला जातो.

राहिले रेगन. ज्या माणसाने १९६० साली नटांचा संप चालवला, त्याच माणसाने राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९८१ साली संपावर गेलेल्या ११,००० हून अधिक विमान वाहतूक नियंत्रकांना नोकरीवरून काढून टाकले. आणि त्यांच्या संघटनेने निवडणुकीत त्यालाच पाठिंबा दिला होता! याला मी फिटरचा मुलगा या नात्याने कोणत्याही कारणाने माफ करू शकत नाही. समजून घेणे वेगळे आणि माफ करणे वेगळे.

यावलचा केळीवाला

दादा, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. संप बेकायदा होता, हेही लिहायला हवे. पण आज त्यावर वाद घालत नाही.

पंकवाला (शिरपूर, अभियांत्रिकी, तिसरे वर्ष)

सर्व वडीलधाऱ्यांना नमस्कार. आमच्या वसतिगृहात पाश्चात्त्य रॉक ऐकणारी मुले आहेत, त्यांच्या वतीने एक भर घालतो. पंक संगीत म्हणजे प्रस्थापितांना थेट शिवी, असे आम्ही मानत होतो. पण त्या संगीताचा पाया घालणाऱ्या अमेरिकन गटाचा गिटारवादक जॉनी रमोन हा पक्का रिपब्लिकन होता. २००२ साली सन्मान स्वीकारताना, व्यासपीठावरून त्याने राष्ट्राध्यक्ष बुश यांना देवाचे आशीर्वाद मागितले. आम्हाला हे कळले तेव्हा फार विचित्र वाटले. नंतर लक्षात आले की, त्याच्या क्षेत्रातले सगळेच डावे होते, त्यामुळे तेथे बंडखोरी करायची तर उजवे होणे हीच बंडखोरी होती. काही कलावंतांची मते कदाचित विचारांतून येत नसतील, स्वभावातून येत असतील: सगळे जिकडे जातात, त्याच्या विरुद्ध जायचे.

मुंबईतला खान्देशी

मी मालिकांच्या निर्मितीत पंधरा वर्षे काम करतो आहे, त्यामुळे आतल्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

पहिली अशी की, नटाला ‘बंडखोर’ ही ओळख बहुतेक वेळा काम देणाऱ्यांनी चिकटवलेली असते. चेहऱ्याची ठेवण, आवाजाची जात आणि त्या आठवड्यात मोकळी असलेली तारीख यांवर भूमिका ठरते. एकदा एका भूमिकेत तो लोकांना आवडला की पुढची दहा वर्षे तशाच भूमिका येत राहतात. आंबेडकरी कार्यकर्ता अप्रतिम उभा करणारा एक नट मला माहीत आहे, जो दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत स्वतःची ताटली वेगळी ठेवतो. तो वाईट अभिनेता नाही आणि खोटारडाही नाही. त्याला वाक्य मिळाले, त्याने ते जीव ओतून म्हटले. जीव ओतला म्हणजे पटले असे होत नाही. मी स्वतः त्या ताटलीमुळे त्याच्याशी बोलणे कमी केले आहे, हेही सांगतो.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. जाहीर मते ही नेहमी मनातली मते असतातच असे नाही. परवानग्या, अनुदाने, सुपाऱ्या, उद्घाटने, पुरस्कार यांवर ज्यांचे घर चालते, ते वारा पाहून बोलतात, आणि वारा बदलला की वाक्ये बदलतात. मिथुन चक्रवर्तींच्या प्रवासाचा मी पुष्कळदा विचार करतो: तरुणपणी नक्षलवादी चळवळीची ओढ, २०१४ साली तृणमूल काँग्रेसकडून राज्यसभा, २०२१ साली भाजप. त्यात मनाचा किती भाग आणि वाऱ्याचा किती, हे बाहेरून कोणीही सांगू शकणार नाही. म्हणून मी कोणाच्या मुलाखतीवरून त्याचे मन ठरवत नाही.

अमळनेरचा मास्तर

आता उलट बाजूचेही एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण ते आमच्या अंगणातले आहे आणि केळीवाल्यांच्या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळेल.

साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. बहुसंख्य वाचकांच्या मनात ते हळवे, देवभक्त, आईची महती गाणारे, मुलांना संस्कार देणारे म्हणून वसले आहेत. जुन्या वळणाच्या घरांतूनही त्यांची पुस्तके मोठ्या विश्वासाने मुलांच्या हाती दिली जातात. तोच माणूस राजकारणात समाजवादी होता, शेतकरी आणि गिरणी कामगारांच्या लढ्यांत उतरला, तुरुंगात गेला, आणि मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती शब्दशः उतरवून घेणारेही गुरुजीच. गीता, विठ्ठल, आई आणि समाजवाद हे सारे एकाच माणसात होते, आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नव्हते.

मग गुरुजींची मते ‘अनपेक्षित’ का ठरत नाहीत? कारण आपण त्यांच्यातले आपल्याला पटणारे तेवढे घेतो आणि बाकीच्याकडे पाठ फिरवतो. ताईंनीही त्या अभिनेत्यातला तो बाप घेतला. मला वाटते, प्रत्येक वाचक आणि प्रेक्षक हेच करतो.

भालचंद्र नेमाडे हे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. तरुणपणी प्रस्थापित साहित्याविरुद्ध बंड करणारे म्हणून गाजले. पुढे देशीवाद मांडला, इंग्रजी माध्यमाला कडाडून विरोध केला, तेव्हा पुष्कळांनी त्यांना परंपरावादी ठरवले. मला तर ते पहिल्यापासून एकच भांडण भांडताना दिसतात. बाहेरून आणलेल्या मोजपट्टीने आम्हाला मोजू नका, हे ते भांडण. पट्टीच बदलली नाही, तर माणूस बदलला असे कसे म्हणावे?

यावलचा केळीवाला

सांगवी आमच्या शिवारापासून फार दूर नाही. मास्तर, हे मान्य.

आखाजी (एरंडोल तालुका)

मास्तरांशी सहमत, पण एका गोष्टीला माझा विरोध नोंदवते. समजून घेता घेता आपण त्या अभिनेत्यांच्या बोलण्याची धार बोथट करत आहोत. सभागृहात टाळ्या झाल्या, असे ताईंनी लिहिले आहे. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत एखाद्या मुलीचे वडील असतील, आणि घरी गेल्यावर ते म्हणाले असतील की, बघ, एवढा मोठा माणूससुद्धा हेच म्हणतो. तमाशातल्या बाईंच्या मताने त्यांच्या एका मुलीचे आयुष्य ठरले. प्रसिद्ध माणसाच्या मताने अशी किती ठरत असतील? मत बाळगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण व्यासपीठावरून ते उच्चारताना आपल्या शब्दांचे वजन त्याने ओळखायला हवे.

मुंबईतला खान्देशी

पूर्ण सहमत.

भुसावळ जंक्शन

ताई कुठे आहेत? धागा काढून आठवडा झाला. मूळ प्रश्न असा होता की, मते आधीपासूनच तशी असतात की बदलतात. हॉलिवूडचा नट चार्ल्टन हेस्टन १९६३ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी वॉशिंग्टनच्या मोर्चात चालला आणि १९९८ साली बंदूकधारकांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. माणसे बदलतात, असे माझे उत्तर तयार आहे. पण तुमच्या अभिनेत्यांचे काय, हे तुम्हीच सांगू शकाल. त्या पोस्टकार्डावर काय लिहिले होते?

मेहरूणकाठ

क्षमस्व, उशीर झाला. भुसावळकर दादांचा प्रश्न वाचल्यावर मी कपाट उघडले. खरे सांगायचे तर मुलाखतीनंतर ते पोस्टकार्ड पाहण्याची मला इच्छाच उरली नव्हती. लग्नातल्या शालूच्या घडीत ते ठेवले होते, कडा पिवळ्या पडल्या आहेत आणि शाई एका कोपऱ्यात फुटली आहे. सहाच ओळी आहेत. त्यांतल्या चार अभ्यास कर, वाचन कर अशा आशीर्वादाच्या. उरलेल्या दोन येथे जशाच्या तशा लिहिते:

“त्या बापाचे धैर्य माझे नव्हे, आमच्या लेखकाचे आहे. मी रोज तालमीत त्याच्याशी भांडतो आणि रोज हरतो.”

पस्तीस वर्षे मी या ओळींना थोर कलावंताचा विनय समजत आले. पत्र कोणाला दाखवताना ‘बघा, किती नम्र’ असेच म्हणत आले. आता वाचते तर त्यांनी सरळ सरळ सांगून ठेवले होते, आणि तेही अकरावीतल्या एका मुलीला, जिला ते खोटे बोलून सहज खूश करू शकले असते. म्हणजे ते बदललेले नाहीत. तेव्हा ते रोज हरत होते. पुढे तो लेखक आणि ती तालीम राहिली नाही, आणि त्यांना हरवायला कोणी उरले नाही.

आखाजीताई, तुमचे म्हणणे मात्र मी सोडलेले नाही. त्या टाळ्यांबद्दल मी त्यांना पत्र लिहिले आहे, आणि पोस्टकार्डाची प्रत सोबत जोडली आहे.

ह्यांना पोस्टकार्ड वाचून दाखवले, तर ते बराच वेळ त्या ओळींकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे आपले लग्न लेखकाने लावले.” ते लेखक आता हयात नाहीत. त्यांची मुलगी नाशिकला असते असे कळले आणि काल तिचा पत्ता मिळाला. तिला लिहायला बसले आहे. अर्धे पत्र झाले आहे.